वेलिणकरांच्या विमानाचे इंजिन

आजचा थ्रेड एका इंजिनाविषयी आहे. ते या क्षणी माझ्या टेबलावर, आईच्या जुन्या स्टीलच्या ताटलीत ठेवलेले आहे. दोन-तीन काडेपेट्या एकमेकींवर ठेवाव्यात एवढाच त्याचा आकार. आठ सिलिंडर, सोळा स्पार्क प्लग आणि पुढच्या टोकाला एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाके. ते कधीही सुरू होणार नाही, कारण ते प्लॅस्टिक, तांबे, पितळ आणि बांबू यांचे आहे. मूळ इंजिन मात्र सुमारे २०० अश्वशक्तीचे होते, आणि १९१८ च्या उन्हाळ्यात त्याच जातीच्या इंजिनामागे बसून मुंबईचा एक तेवीस वर्षांचा तरुण फ्रान्सच्या आकाशात गस्त घालीत होता.

त्या तरुणाचे नाव श्रीकृष्ण वेलिणकर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलातून लढलेल्या भारतीय वैमानिकांची चर्चा निघाली की चार नावे घेतली जातात : हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि वेलिणकर. रॉय यांच्या नावावर दहा हवाई विजय आहेत आणि मरणोत्तर मिळालेले पदक आहे. मलिक पुढे मुत्सद्दी झाले आणि दीर्घायुषी ठरले. सेन युद्धकैदी झाले. वेलिणकरांच्या वाट्याला बहुतेक लेखांत दोन ओळी येतात. मराठी वाचकांसाठी त्यांच्यावर लिहायचे असे मी ठरवले, टिपणे काढली आणि अर्ध्या पानात माझे टिपण संपले.

माणसाविषयीची कागदपत्रे संपली की इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा उरतात. एक वाट कल्पनेने जागा भरण्याची. ती आपल्याकडे फार मळलेली आहे. दुसरी त्या माणसाच्या भोवतालच्या वस्तूंकडे वळण्याची. वेलिणकरांच्या विमानाचे नाव, त्याची रचना, त्याच्या इंजिनाची मापे हे सारे उपलब्ध आहे. युद्धकाळात छापलेल्या या इंजिनाच्या माहितीपुस्तिका आज संगणकावर वाचता येतात, अर्थात एटापल्लीतील नेटवर्कची कृपा असेल त्या दिवशी. म्हणून मी ते इंजिन १:२४ या प्रमाणात मुळापासून बांधायला घेतले. तयार संच नाही, साचे नाहीत. प्रतिकृती बनवणारे याला ‘स्क्रॅच-बिल्ड’ म्हणतात.

आधी माणसाविषयी जे निश्चित आहे ते सांगते. वेलिणकरांचा जन्म १८९४ च्या ऑक्टोबरात मुंबईत झाला. शिक्षणासाठी ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी विमानोड्डाणाचे शिक्षण घेतले आणि रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये प्रवेश मागितला. त्या काळी भारतीय माणसाला ब्रिटिश सैन्यात राजाच्या सनदेचे अधिकारपद मिळण्याची वाट जवळजवळ बंद होती. वैमानिक हा सहसा अधिकारी असे. तेव्हा त्यांना सुचवण्यात आले की अधिकारी होण्याऐवजी त्यांनी एअर मेकॅनिक म्हणून भरती व्हावे. त्यांनी ते मानले नाही. अखेर १९१७ मध्ये त्यांना अधिकारपद मिळाले आणि पुढे ते फ्रान्समध्ये २३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये रुजू झाले. या स्क्वॉड्रनकडे १९१८ च्या वसंतात नवी विमाने आली : सॉपविथ डॉल्फिन.

डॉल्फिन हे चमत्कारिक दिसणारे विमान. सर्वसाधारण द्विपंखी लढाऊ विमानात वरचा पंख खालच्या पंखाच्या किंचित पुढे असतो. हर्बर्ट स्मिथ यांनी आखलेल्या डॉल्फिनमध्ये तो मागे होता. वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या मधोमध असलेल्या उघड्या चौकटीतून बाहेर येई. त्यामुळे वर आणि सभोवती असे स्वच्छ दिसे की शत्रूला वरून झडप घालणे अवघड जाई. मात्र उतरताना विमान उलटले तर प्रथम जमिनीला काय लागणार, हे प्रत्येक वैमानिकाला ठाऊक होते. एक सुख होते : पाणी थंड करणारे रेडिएटर विमानाच्या दोन्ही कुशींवर होते आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या बैठकीच्या कडेने जात. हजारो फूट उंचीवरच्या थंडीत ही ऊब किती मोलाची असेल! माझ्या प्रतिकृतीत त्या नळ्या सोल्डरच्या तारेच्या आहेत. सोल्डरची तार कशीही वाकवली तरी दबत नाही, हा शोध मला दोन तांब्याच्या तारा वाया घालवल्यावर लागला.

आता इंजिन. हिस्पानो-सुइझा ही बार्सिलोनात १९०४ मध्ये स्थापन झालेली मोटारगाड्यांची कंपनी. तिचे मुख्य अभियंते मार्क बिर्किग्ट हे स्वित्झर्लंडचे. युद्धाच्या आरंभी विमानांची बरीच इंजिने अशी होती की प्रत्येक सिलिंडर स्वतंत्रपणे बनवून नंतर जोडला जाई. बिर्किग्ट यांनी चार-चार सिलिंडरांसाठी ॲल्युमिनियमचा एकच ओतीव ठोकळा केला आणि त्यात बाहेरून आटे पाडलेल्या पोलादी स्लीव्ह स्क्रूसारख्या फिरवून बसवल्या. असे दोन ठोकळे ९० अंशांच्या कोनात मांडले की इंग्रजी व्ही अक्षराचा आकार होतो. वजन घटले, बांधणी ताठ झाली, झडपा झाकणाखाली तेलात सुरक्षित राहिल्या. सिलिंडरचा व्यास १२० मिलिमीटर, दट्ट्याची चाल १३० मिलिमीटर. या घराण्याची सुमारे ५० हजार इंजिने निरनिराळ्या देशांतील कारखान्यांनी बनवली.

ही झेप किती मोठी होती हे कळण्यासाठी चौदा-पंधरा वर्षे मागे जावे लागते. राइट बंधूंना १९०३ साली एकाही कारखान्याने मनासारखे इंजिन दिले नाही. तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातील चार्ली टेलर या कारागिराने ते सुमारे सहा आठवड्यांत हाताने घडवले. पद्धतशीर आराखडे नव्हते. कागदाच्या कपट्यांवरची रेखाटने समोर टाचून काम चाले. क्रँकशाफ्ट त्याने पोलादाच्या जाड पत्र्यातून भोके पाडून, छिन्नीने तोडून आणि लेथवर कातून काढला. जगातील पहिले यशस्वी विमान-इंजिन हेच खरे ‘स्क्रॅच-बिल्ड’ होय! ते सुमारे ८० किलो वजनाचे होते आणि १२ अश्वशक्ती देई. म्हणजे एका अश्वशक्तीमागे साडेसहा किलोंहून अधिक वजन. डॉल्फिनच्या हिस्पानोत हेच प्रमाण सव्वा किलोच्या आसपास आले होते. उड्डाणाच्या पहिल्या दशकांचा इतिहास हा बराचसा या एका भागाकाराचा इतिहास आहे.

(येथे कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेणार, हे मी गृहीत धरते. १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडाल्याची कथा मलाही लहानपणी फार आवडायची. पण आता माझा पहिला प्रश्न असतो : इंजिन कोणते, वजन किती, शक्ती किती? तळपद्यांच्या कथेला जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये छाननी केली. तो ग्रंथ विसाव्या शतकातला असल्याचे आणि त्यातील विमाने उडू शकणारी नसल्याचे त्यांनी दाखवून दिले. त्यावर स्वतंत्र थ्रेड कधीतरी करीन. आज वाद नको.)

तर बांधणी. १:२४ हे प्रमाण निवडण्याचे कारण अगदी साधे : १२० भागिले २४ म्हणजे ५. सिलिंडरचा व्यास बरोबर ५ मिलिमीटर. थंड पेयाची तेवढ्याच जाडीची नळी मिळाली. एक ठोकळा मी पूर्ण बंद ठेवला आणि दुसऱ्याला उभा छेद दिला, म्हणजे आतल्या स्लीव्ह दिसतात. त्यांच्यावरचे आटे दाखवण्यासाठी नळीभोवती केसासारखी तांब्याची तार शेजारी-शेजारी गुंडाळली. ही तार एटापल्लीतील मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आली. जळालेल्या पाणबुडी पंपाच्या वाइंडिंगमधून काढलेल्या तारेवर तपकिरी लाखेचा लेप असतो; स्पार्क प्लगकडे जाणाऱ्या सोळा वायरींना तो रंग न देताच शोभला. दुकानदार दादांनी पैसे घेतले नाहीत, पण “विमानात याचं काय काम?” हा प्रश्न तीनदा विचारला.

कॅमशाफ्टवरची लांबट, गोलसर झाकणे बांबूची आहेत. आमच्या तालुक्यात बांबूला तोटा नाही. काडी उभी चिरली की अर्धगोल आकार आयताच मिळतो. मग पॉलिश पेपर, चंदेरी रंग आणि वरून पेन्सिलीचे शिसे बोटाने घासले की ओतीव ॲल्युमिनियमची मंद झाक येते. बोल्टच्या डोक्यांसाठी मी खसखस चिकटवली. प्रमाणाच्या हिशेबाने दाणा किंचित मोठा आहे, ही चूक मला मान्य. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांनी एका बाजूचे अकरा बोल्ट उचलून नेले होते. पावसाळ्यात झटपट चिकटणारा गोंदही त्रास देतो; हवेतल्या ओलाव्याने सांध्याभोवती पांढरा थर धरतो. असा थर धरलेला क्रँककेस मी दोनदा खरवडला आणि तिसऱ्यांदा नवा केला.

या सर्व कामात जिथे मी खरोखर थबकले ती जागा म्हणजे पुढची दोन दातेरी चाके.

डॉल्फिनमधल्या इंजिनाला ‘गिअर असलेले’ हिस्पानो म्हणत. आधीचे १५० अश्वशक्तीचे इंजिन प्रोपेलरला थेट फिरवी. अधिक शक्तीसाठी बिर्किग्ट यांनी फेरे वाढवून मिनिटाला सुमारे २,००० केले. पण मोठा प्रोपेलर इतक्या वेगाने फिरवणे लाभाचे नसते. तो हवेला नीट पकडत नाही. म्हणून क्रँकशाफ्टच्या टोकाला लहान चाक, त्याच्या वर मोठे चाक आणि त्या मोठ्या चाकाच्या दांड्यावर प्रोपेलर. इंजिन वेगाने फिरे, प्रोपेलर सावकाश. आठही सिलिंडरांची सारी शक्ती काही दातांच्या त्या एका जोडीतून पुढे जाई.

माझी चाके आठवडी बाजारातून आणलेल्या मोडक्या गजराच्या घड्याळातली आहेत. ती बसवली, प्रोपेलर लावला आणि क्रँकशाफ्टचे मागचे टोक अंगठ्याने फिरवले. प्रोपेलर उलटा फिरला. क्षणभर मला वाटले की काही चुकले. मग लक्षात आले की चुकले काहीच नाही : एकमेकांत अडकलेली दोन चाके नेहमी विरुद्ध दिशांना फिरतात. चुकला होता तो प्रोपेलर. तो मी सागवानाच्या तुकड्यातून तीन रात्री बसून कोरला होता, आणि कोरताना समोर ठेवलेले छायाचित्र थेट चालणाऱ्या इंजिनाच्या विमानाचे होते. गिअरच्या इंजिनाला त्याच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखा, विरुद्ध पिळाचा प्रोपेलर लागतो. माझा प्रोपेलर त्या इंजिनावर बसवला असता तर त्याने विमानाला मागे ढकलण्याचा प्रयत्न केला असता. ‘गिअरयुक्त इंजिन’ हे शब्द मी तोवर वीसेक वेळा तरी वाचले होते, एका टिपणात स्वतः लिहिलेही होते. त्यांचा अर्थ मला त्या अंगठ्याने सांगितला.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. गिअरचे दात कसे असावेत? पृष्ठभाग कठीण, नाहीतर झिजतात. गाभा चिवट, नाहीतर तडकतात. हे पोलाद तापवून आणि निववून साधावे लागते. आमच्या बाजारात विळे-कुऱ्हाडी घेऊन बसणाऱ्या लोहारकाकांना मी याविषयी विचारले. ते म्हणाले, “पाणी कमी बसलं तं वाकते, जास्त बसलं तं तुटते, पोरी. अन् घाई केली तं दोन्ही होते.” एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा लोखंडाचा डोंगर आहे, जुन्या चांदा जिल्ह्यात लोखंड गाळणाऱ्या भट्ट्या होत्या, हे ब्रिटिशकालीन गॅझेटियरही नोंदवते. तेव्हा हे ज्ञान इथे नवे नव्हे.

घाई मात्र १९१७ च्या फ्रान्समध्ये होती. लढाऊ विमानांची मागणी इतकी वाढली की हिस्पानोची इंजिने अनेक कंपन्यांकडे बनवायला दिली गेली. त्यांपैकी ब्राझिए या फ्रेंच कंपनीच्या इंजिनांतील गिअरना नीट पाणी चढलेले नसे. ते दात उड्डाणात झिजत, तुटत. क्वचित प्रोपेलरच इंजिनापासून सुटून जाई. दोष कळला होता. तरीही ब्रिटिशांनी ती इंजिने नाकारली नाहीत, कारण नाकारली असती तर विमानांत बसवायला दुसरे काही नव्हते. सदोष इंजिन की इंजिनच नाही, अशी ती निवड होती; आणि ती निवड करणारे त्या विमानात बसणार नव्हते.

एक आकडा मला बराच काळ छळत राहिला. दोन हजारांहून थोडी अधिक डॉल्फिन विमाने बांधली गेली. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले तेव्हा त्यांपैकी सुमारे १,५०० इंजिनांची वाट पाहत गोदामांत पडून होती. सांगाडा तयार, पंख तयार, पंखांवरचे कापडही ताणलेले, आणि नाकाच्या जागी पोकळी. अखेरच्या काळात तर काही विमानांच्या इंजिनांतून गिअरच काढून टाकून त्यांना थेट जोडणी दिली गेली. थोडी कार्यक्षमता गेली तरी चालेल, पण दात तुटायला नकोत, असा तो व्यवहार होता.

विमानयुद्धाचा लोकप्रिय इतिहास आपण विजयांच्या संख्येवर मोजतो : अमक्याने दहा पाडली, तमक्याने ऐंशी. या मोजणीत गिअरचे दात कुठेच येत नाहीत. येत नाहीत म्हणून वेलिणकरांसारख्यांना दोनच ओळी मिळतात, असे माझे मत झाले आहे. विजयांच्या तक्त्यात त्यांना जागा नाही आणि दुसरा तक्ता आपण मांडलेलाच नाही. रोज सकाळी अशा इंजिनामागे बसून निघणे आणि परत येणे हेही युद्धच होते.

आणि तो एअर मेकॅनिकचा सल्ला. स्क्वॉड्रनमधल्या प्रत्येक विमानामागे एक फिटर आणि एक रिगर असे. पहिला इंजिन पाही, दुसरा सांगाडा, तारा आणि कापड. फिटरने तेलात धातूचा कीस वेळीच ओळखला तर वैमानिक वाचे. वेलिणकरांना देऊ केलेले काम हलके मुळीच नव्हते. अपमान कामात नव्हता. तो माणसाच्या रंगावरून काम ठरवण्यात होता. हे मी आज ठामपणे लिहिते आहे, पण इंजिन बांधण्यापूर्वी माझ्याच टिपणात ‘मेकॅनिकसारख्या कनिष्ठ कामाचा’ असे शब्द होते. ते मी खोडले.

२७ जून १९१८ रोजी वेलिणकर डॉल्फिन घेऊन गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. तीन दिवसांनी, ३० जून रोजी, जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांचा मृत्यू झाला. माझ्याहून ते दोन वर्षांनी लहान होते. इंद्रलाल रॉय तीन आठवड्यांनंतर, २२ जुलैला पडले. त्यांच्या एसई-५ए विमानाचे इंजिनही हिस्पानोच्याच घराण्यातले. वेलिणकरांचे दफन उत्तर फ्रान्समधील हँगार या गावच्या स्मशानभूमीत आहे, इतर सैनिकांच्यासारख्याच एका शिळेखाली.

या थ्रेडचा मसुदा वाचून एका मित्राने विचारले की मग त्या दिवशी गिअर तुटले होते का. गोष्ट छान जुळली असती, हे खरे. पण तसे दाखवणारा एकही कागद मी पाहिलेला नाही. इंजिन सदोष असण्याची शक्यता ही त्या काळच्या प्रत्येक डॉल्फिनवर होती. तिच्यावरून एका विशिष्ट सकाळचा निष्कर्ष काढणे म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या मळलेल्या वाटेने जाणे होय. म्हणून इंजिनाखालच्या लाकडी पाटीवर मी ‘वेलिणकरांचे इंजिन’ असे लिहिले नाही, थ्रेडच्या शीर्षकात तेवढी सैल सवलत घेतली आहे. पाटीवर लिहिले आहे : ‘हिस्पानो-सुइझा, गिअरयुक्त, २०० अश्वशक्ती. सॉपविथ डॉल्फिन, १९१८.’

ज्यांना खरे डॉल्फिन पाहायचे आहे त्यांच्यासाठी : लंडनमध्ये हेंडन येथील रॉयल एअर फोर्स संग्रहालयात मूळ भागांपासून पुन्हा उभे केलेले एक आहे. मला ते अजून छायाचित्रांतच भेटते.

नवा प्रोपेलर कोरून झाला आहे, या वेळी योग्य पिळाचा. जुना फेकला नाही. तो त्याच ताटलीत इंजिनाशेजारी पडून आहे. दोन चाकांपैकी मोठ्याचा एक दात घड्याळातच वाकलेला होता, ते बसवल्यावर लक्षात आले. अंगठ्याने क्रँकशाफ्ट फिरवला की प्रत्येक फेरीत एकदा बारीकसा ‘टक्’ असा आवाज येतो. तो दात मी बदललेला नाही.